उसने शब्द, आपलं दुःख

द्रोणागिरी हे नाव उरण तालुक्यात तीन ठिकाणी भेटतं: करंजाजवळच्या डोंगराला, सिडकोने वसवलेल्या नव्या वसाहतीला आणि जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल धावू लागली तेव्हा सुरू झालेल्या स्टेशनला. नावामागची गोष्ट मात्र एकच आहे. लक्ष्मणाला शक्ती लागली, मारुतीने संजीवनीसाठी अख्खा पर्वत उचलला आणि नेता नेता त्याचा एक तुकडा इथे पडला, असं इथली जुनी माणसं सांगतात. उत्तराखंडात याच नावाचं एक गाव आहे. आपला पर्वत नेला म्हणून तिथले लोक मारुतीची पूजा करत नाहीत.

या गोष्टीतला मारुती सगळ्यांच्या लक्षात राहतो, राम राहत नाही. अयोध्याकांडात वडिलांच्या मृत्यूने खचलेल्या भरताला रामच समजावतो. माणसं भेटतात ती सुटण्यासाठीच, हे इतक्या शांतपणे सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, याला दुःख शिवतच नसेल. युद्धकांडात भाऊ निपचित पडतो आणि तोच राम चारचौघांसारखा मोडून पडतो. आता राज्य कशाला, जगणं तरी कशाला, म्हणून रडतो. वाल्मीकींनी दोन्ही प्रसंग ठेवले. भरताला सांगितलेलं खोटं ठरत नाही आणि लक्ष्मणासाठी ढाळलेले अश्रू कमीपणाचे ठरत नाहीत.

साहित्याचा शोकाशी काय संबंध, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. कविता ही संजीवनी नाही. गेलेलं माणूस ती उठवत नाही. घरात अचानक साखर संपली की शेजारून वाटीभर उसनी आणतात, तेवढंच तिचं काम. आपले शब्द संपतात तेव्हा ती उसने देते. पुढे शेजारी बसून सोबत करते. आणि बऱ्याच काळाने, जमलं तर, आपल्याला आपले शब्द सापडतात. हा क्रम चुकला की तीच कविता टोचते. म्हणून हा लेख त्याच क्रमाने.

पहिले दहा दिवस

माणूस गेल्यावर पहिली अडचण क्रियापदाची होते. ‘मेला’ हे मराठीत आपण आपल्या माणसाविषयी म्हणत नाही. ‘गेले’, ‘वारले’, ‘निवर्तले’, ‘देवाज्ञा झाली’ असं म्हणतो. पत्रिकेत, फलकावर, वर्तमानपत्रातल्या चौकटीत नावाआधी एक शब्द लागतो, आणि तो घराघरांतून बदलतो. कुणाकडे कैलासवासी, माळकऱ्याकडे वैकुंठवासी, बौद्ध घरात कालकथित, मुसलमान शेजाऱ्यासाठी पैगंबरवासी, ख्रिस्ती शेजाऱ्यासाठी ख्रिस्तवासी. एका शब्दात माणूस कुठे गेला ते सांगून टाकायचं. हे छोटंसं साहित्यच आहे, आणि ते तयार मिळतं म्हणून त्या दिवशी कुणाला विचार करावा लागत नाही.

बोकडवीरा, फुंडे, चाणजे, करंजा अशा जुन्या गावांत म्हाताऱ्या बाया अजून हेल काढून रडतात. नीट ऐकलं तर तो नुसता आक्रोश नसतो. त्यात यादी असते: त्याने कुणाला काय दिलं, कुठली होडी बांधली, कुठल्या लेकीला सासरी सोडायला गेला. नव्या पिढीला हे ऐकताना अवघडल्यासारखं होतं. पण गेलेल्या माणसाचं पहिलं चरित्र त्या रडण्यातच रचलं जातं, आणि तेही चालीवर. चाल असली की पुढचा शब्द सुचतो, श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. एकीचा सूर तुटला की दुसरी उचलते.

वारकरी घर असेल तर टाळ-मृदंगाच्या गजरात अंत्ययात्रा निघते. म्हणायचे अभंग ठरलेले असतात. तुकोबांचा, आपल्या गावाला निघालेल्या माणसाचा निरोपाचा अभंग तर इतक्या वेळा म्हटला गेला आहे की त्याचा अर्थ त्या क्षणी कुणी लावतच नाही. लावायचा नसतोच. पाठ असलेली ओळ ओठांवर आली की घशातला आवंढा थोडा सरकतो, एवढंच. नवं काही रचण्याची ही वेळ नाही, आणि नवं काही वाचून दाखवण्याचीही नाही. उसनं, सगळ्यांचं, झिजून गुळगुळीत झालेलंच या दिवसांत हाताला लागतं.

कावळा आणि वाक्य

दहाव्याचा विधी शब्दांच्या बाजूने बघण्यासारखा असतो. तळ्याकाठी पिंड ठेवतात, सगळे चार पावलं मागे सरतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा आला, शिवला, तर सुटले. नाही आला की कुजबुज सुरू होते.

मी पाहिलेल्या एका दहाव्याला कावळे समोरच्या आंब्यावर बसून होते, पण खाली उतरत नव्हते. उन्हं चढत चालली होती. आधी मोठा मुलगा पुढे झाला, ‘आईकडे बघू आम्ही’ म्हणाला. काही नाही. मग कुणीतरी म्हणालं, ‘जमिनीचं बोला.’ धाकटा म्हणाला, ‘सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरनं भांडणार नाही.’ मागे हसू दाबल्याचा आवाज आला. तरीही काही नाही. शेवटी माहेरी आलेली बहीण पुढे झाली आणि रडत म्हणाली, ‘बाबा, माझं लग्न तुम्हाला पसंत नव्हतं, पण मी सुखात आहे.’ त्यानंतर लगेच कावळा उतरला की पाच मिनिटांनी, हे मला आता सांगता येणार नाही. तिचं वाक्य मात्र लख्ख आठवतं.

श्रद्धा असो वा नसो, हा विधी घराकडून एक काम करून घेतो. गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल, हे प्रत्येकाला मोठ्याने, चारचौघांत बोलावं लागतं. एरवी ही वाक्यं वर्षानुवर्षं घशात राहतात. चांगली कथा किंवा कविता हेच काम तळ्याशिवाय आणि कावळ्याशिवाय करते. तिच्यात कुणीतरी दुसरा आपलं वाक्य बोलून जातो.

रडायला परवानगी

ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. या प्रसंगावर नामदेवांच्या नावाने अभंगांचं एक मोठं प्रकरणच आहे, समाधीचं. त्यात सगळ्यांत जास्त कोण कोसळतं, तर निवृत्तिनाथ. थोरला भाऊ आणि गुरूही. ज्यांनी आत्मा अमर असल्याचं शिकवलं, त्यांचाच बांध फुटतो. ज्ञानेश्वरांमागून सोपानदेव आणि मुक्ताबाईही फार दिवस राहिले नाहीत. धाकट्यांना निरोप देत राहायची पाळी थोरल्यावर आली.

नामदेवांनी निवृत्तिनाथांना सावरलेलं दाखवलं असतं तर तत्त्वज्ञान उजळ झालं असतं, पण ऐकणारा एकटा पडला असता. ‘ज्ञानेश्वरांचे गुरूही रडले’ हे कळल्यावर उरलेल्यांना आपल्या रडण्याची लाज वाटेनाशी होते. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत आजही समाधीच्या प्रसंगाचं कीर्तन होतं, नामदेवांच्या वंशातल्या नामदास घराण्याकडे त्याचा मान आहे, आणि समोरचा समाज डोळे पुसत असतो. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या वियोगासाठी? त्यासाठी थोडं, आणि आपापल्या घरच्यांसाठी बरंच. हे दुसरं रडणं पहिल्याच्या पदराआड होऊन जातं. कुणी विचारत नाही, तू कुणासाठी रडतोस.

विलापाची ही वाट कालिदासानेही चोखाळली होती. ‘कुमारसंभवा’च्या चौथ्या सर्गात रती रडते, ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात राजा अज. एक बाई, एक पुरुष. दोघांना सर्गात सारखीच मोकळीक.

समजूत आणि तिची वेळ

1955 च्या गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक गीत. त्यात राम भरताची समजूत घालतो ते गीत मराठी घरांनी दुःखाच्या प्रसंगासाठी बाजूला काढून ठेवलं. पाण्यात दोन ओंडके जवळ येतात आणि लाट आली की दूर होतात, ही त्यातली प्रतिमा मुळात वाल्मीकींची. म्हणजे हाही उसना माल, आणि तो देताना गदिमांनी मराठी करून दिला.

पण हे गीत मयताच्या दिवशी ऐकवलं तर? मग ते उपदेश होतं. ‘जगरहाटी आहे’, ‘ज्याचं त्याचं आयुष्य’, ‘वय झालं होतं, सुटले’: ही वाक्यं खोटी नसतात, फक्त लवकर आलेली असतात. ज्याला रडायचं आहे त्याला ती गप्प बसवतात.

समजुतीची वेळ ओळखणारी सगळ्यांत सुंदर कथा किसा गोतमीची. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते आणि बुद्धांपाशी येते. बुद्ध तिला अनित्यतेवर प्रवचन देत नाहीत. ज्या घरात कधी कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरीचे दाणे आण, म्हणतात. मोहरी प्रत्येक घरात असते, आणि मागितलेली उसनी मोहरी कुणी नाकारत नाही. पण प्रत्येक दारात तिला कुणाची तरी हकिकत ऐकावी लागते. संध्याकाळी ती परतते तेव्हा हातात मोहरी नसते. तिला जे मिळायचं होतं ते दारोदारी ऐकून झालेलं असतं. दुःखातल्या माणसाने वाचायचं कशासाठी, याचं याहून नेमकं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

पहिलं वर्ष: एकट्याने वाचायची कविता

तेराव्यानंतर पाहुणे पांगतात. टॉवरमधल्या घरात तर हे फारच चटकन होतं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे हात जोडलेले संदेश साठ-सत्तर पडतात, मध्येच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरची चर्चा सुरू होते. कुणाचीच चूक नसते. खरं दुःख इथून पुढे सुरू होतं, आणि ते फार बारीक गोष्टींत असतं. एखाद्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव लिहिताना त्याआधी ‘कै.’ लिहावं लागतं. एक अक्षर आणि एक टिंब. पेन तिथेच थांबतं.

या काळात कीर्तन, प्रवचन, समूह उपयोगी पडत नाहीत. इथे एकट्याने, हळू वाचायची कविता लागते. मराठीत तिचं सगळ्यांत भक्कम घर बेळगावात होतं, इंदिरा संत यांचं. त्यांचा आणि त्यांचे पती ना. मा. संत यांचा ‘सहवास’ हा जोडीचा कवितासंग्रह होता. 1946 मध्ये ना. मा. संत गेले. पदरात तीन मुलं, शिक्षिकेची नोकरी. त्यानंतर ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ असे संग्रह येत राहिले. ‘गर्भरेशीम’ला 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या कवितांत मृत्यूचा उल्लेख क्वचित येतो. येतात त्या पाऊस, संध्याकाळ, दार, वारा, घरातल्या वस्तू. नवरा नसलेल्या घरात तिन्हीसांजेला कसं वाटतं, हे नवऱ्याचं नाव न घेता सांगता येतं, हे त्यांनी दाखवलं. वाचणाऱ्या बाईला त्यात स्वतःचं दार दिसतं.

वाचक कवितेत आपलं दुःख किती भरतो, याचा एक मासला अनिलांच्या कवितेचा. कवी अनिल म्हणजे आ. रा. देशपांडे. रुसलेल्या सखीवरची त्यांची कविता कुमार गंधर्वांनी गायली आणि घराघरांत पोचली. कुसुमावती देशपांडे 1961 मध्ये गेल्या, तेव्हा निश्चल पडलेल्या पत्नीला पाहून अनिलांनी ती लिहिली, अशी हकिकत आजही फिरते. कविता त्याआधीची, कुसुमावती हयात असतानाची आहे. तरी ती हकिकत पुसली जात नाही, कारण ज्यांचं माणूस न बोलता गेलं, त्यांना ती कविता तशीच ऐकायची आहे. तारखेपुरती हकिकत चुकीची आहे. त्या वाचकांची गरज चुकीची नाही.

आठवण लिहायला लागतो तेव्हा

आपले शब्द यायला वेळ लागतो. किती? साने गुरुजींची आई 1917 मध्ये गेली. ‘श्यामची आई’ त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तीही पाच दिवसांत. लिहायला पाच दिवस आणि लिहिण्याजोगं व्हायला पंधरा-सोळा वर्षं. त्यात आईच्या मृत्यूपेक्षा तिचं जगणं जास्त आहे: तिचं रागावणं, तिचं मीठ-भाकरीचं शहाणपण, पोराचे पाय घाण होऊ नयेत म्हणून पदर पसरणं. आठवण लिहू लागलेल्या माणसाचं लक्ष हळूहळू शेवटच्या दिवसांवरून आधीच्या वर्षांकडे सरकतं. हॉस्पिटलमधला चेहरा मागे पडतो आणि स्वयंपाकघरातला पुढे येतो.

लक्ष्मीबाई टिळकांनीही तसंच केलं. त्यांचे पती रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेले आणि ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागली. हे एका विधवेचं पुस्तक आहे, आणि मराठीतल्या सर्वांत खळखळून हसवणाऱ्या पुस्तकांपैकी एक. गेलेल्या माणसाच्या विक्षिप्तपणावर हसणं हा अपमान नसतो, हे त्यातून शिकावं. बहिणाबाई चौधरींना तर लिहिताही येत नव्हतं. तरुणपणीच वैधव्य आलं. कीव करायला आलेल्या आयाबायांना त्यांनी आपल्या गाण्यात थांबवलं आहे. ती गाणी घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून राहिली आणि त्या गेल्यावर 1952 मध्ये छापली गेली. लिहिता येणं ही अट नाही. कुणीतरी ऐकून घेणारं हवं.

जात्यावरच्या ओव्यांचं हेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केलेल्या ओव्या लाखाच्या घरात आहेत. त्यांत आई गेल्यावर माहेर कसं परकं होतं, याच्या ओव्या वेगळ्या काढता येतात. पहाटे, अंधारात, हाताला काम असताना, ऐकायला एखादी जाऊ किंवा तीही नाही. दुःख बोलायला याहून सुरक्षित जागा त्या घरात बाईला नव्हती.

देह सापडत नाही तेव्हा

करंजाच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे रेवस दिसतं. 17 जुलै 1947 च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढी अमावास्येसाठी घरी निघालेली, पिशव्यांत सणाचा बाजार घेतलेली माणसं. किती घरांना देह मिळालेच नाहीत.

दर्यावर जाणाऱ्या कोळ्यांच्या घरांना हे दुःख नवं नाही. माणूस आला नाही, पण गेलाही म्हणता येत नाही. देह नसेल तर पळसाच्या पानांचा किंवा दर्भाचा पुतळा करून संस्कार करण्याची रीत धर्मशास्त्रात आहे. हीसुद्धा एक प्रतिमाच. जे नाही त्याच्या जागी काहीतरी ठेवून निरोप द्यायचा. अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी अशा वियोगाचा आयुष्यभर अभ्यास केला. अशा घरांवर ‘आता विसरा’ची सक्ती करू नये, ‘असेलही आणि नसेलही’ या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला शिकावं, असं त्या सांगतात. कायद्याच्या, विम्याच्या कागदावर हे बसत नाही. कवितेत बसतं. एकाच ओळीत माणूस दारात उभा आहे आणि नाहीही, असं कविताच म्हणू शकते.

गावाचं दुःख

काही दुःखं एका घराची राहत नाहीत. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मे झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उतरले आणि गोळीबारात पाच जण गेले. आजची द्रोणागिरी वसाहत ज्या भूसंपादनातून उभी राहिली, त्याच लढ्यातले हे मृत्यू. दरवर्षी त्या तारखांना स्मारकाशी माणसं जमतात, फुलं वाहतात, भाषणं होतात, शाहिरी गाणी होतात. नव्याने राहायला आलेल्यांनी एकदा तिथे उभं राहून ती नावं वाचावीत. आपल्या पार्किंगखालच्या जमिनीला आठवण आहे, हे कळतं.

सामूहिक शोकाचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं रूप 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर दिसतं. लाखो लोक बाबासाहेबांना अभिवादन करायला येतात आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं परत जाताना पिशवीत पुस्तकं नेतात. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी ज्यांना गाण्यातून रडायला आणि उभं राहायला शिकवलं, त्या समाजाने महापरिनिर्वाणाचा दिवस वाचनाचा दिवस करून टाकला. शोकाचं असं रूपांतर जगात इतरत्र शोधूनही क्वचित सापडेल.

संशोधन काय सांगतं

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असं आपण ऐकलेलं असतं. 1969 मध्ये एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचं वेळापत्रक म्हणून नव्हे. आपण ‘राग’ या पायरीवर का आलो नाही, म्हणून कुणी काळजी करू नये. 1999 मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी वेगळं चित्र मांडलं: शोकातलं माणूस झोपाळ्यासारखं दोन टोकांमध्ये हिंदोळत असतं, कधी दुःखाकडे, कधी रोजच्या कामांकडे, आणि हे हिंदोळणंच निरोगी आहे. सकाळी फोटोपुढे रडणं आणि संध्याकाळी मालिका बघून हसणं यात विसंगती नाही.

लिहिण्याचं काय? 1986 मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या धक्कादायक प्रसंगावर लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण हे सरसकट औषध नाही. जवळचं माणूस गेलेल्यांवर नंतर झालेल्या अभ्यासांत नुसत्या लिहिण्याचा ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे ज्याला लिहावंसं वाटतं त्याने लिहावं. ज्याला वाटत नाही त्याच्या हातात वही कोंबू नये. इंग्रज कवी टेनिसनचा मित्र 1833 मध्ये गेला आणि त्याच्यावरचं दीर्घकाव्य 1850 मध्ये छापलं गेलं. तिकडेही सतरा वर्षं.

शब्द कुठे कमी पडतात

काही शोक मोकळाच होत नाही. वर्ष उलटलं तरी रोजचं जगणं ठप्प आहे, झोप-जेवण सुटलं आहे, आपणही जावं असं वाटतं आहे, तर ते कवितेचं काम राहत नाही. लांबलेल्या शोकाला आता वैद्यकात स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वर्षाची वाट न बघता लगेच मदत घ्यायची. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

करून बघण्यासारखं

समाचाराला जाताना सुविचार नेऊ नका, आठवण न्या. ‘धीर धरा’पेक्षा ‘काकांनी मला एकदा पावसात स्टेशनपर्यंत सोडलं होतं’ हे वाक्य जास्त वेळ पुरतं. घरच्यांना माहीत नसलेली आठवण असेल तर तो त्यांना मिळालेला नवा दिवस असतो.

पहिल्या महिन्यात पुस्तक भेट देऊ नका; तीन-चार महिन्यांनी द्या, तेव्हा कुणी काही देत नसतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला येणाऱ्या ओव्या, भजनं, रडगाणीसुद्धा फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. उरणला विमला तलावाकाठी कोकण मराठी साहित्य परिषदेच्या मंडळींचा मधुबन कट्टा भरतो; अशा कट्ट्यावर गेलेल्या माणसावरची कच्ची कविता वाचायलाही हरकत नसते. ती चांगली असायची गरज नाही. ऐकणारे असले की पुरे.

पितृपक्षात किंवा वर्षश्राद्धाला, पान वाढण्याआधी, त्या माणसाविषयी प्रत्येकाने एकेक प्रसंग सांगावा. लहान मुलांनाही बसवावं. आजोबांना न पाहिलेल्या नातवाला आजोबा इथूनच मिळतात.

वाटी परत करताना

त्या दहाव्याला पुढे आलेली बहीण मला दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या एका घरी भेटली, तीही समाचारालाच. गेलेल्या माणसाची मुलगी भिंतीला टेकून गप्प बसली होती. आलेला प्रत्येक जण तिला जेवायचा आग्रह करत होता. ही तिच्याशेजारी जाऊन बसली. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, ‘बाबांना सांगायचं राहिलं असेल ना काहीतरी? मला सांग.’

आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. साखर आणली असेल तर साखरच द्यायची असं नसतं. पोहे, लाडू, चार फुलं, काहीतरी घालून द्यायचं. ती मुलगी बोलू लागली तेव्हा बाकीच्यांनी ताटं बाजूला सरकवली आणि स्वयंपाकघरातला मिक्सर कुणीतरी बंद केला.